मधला क्रमांक कुठे गेला?

विक्रीच्या हिशेबात लबाडी दोन दिशांनी होते. न झालेली विक्री झाली म्हणून वहीत चढवायची, ही एक दिशा. झालेली विक्री वहीत येऊच द्यायची नाही, ही दुसरी. पहिली पकडायला तपासनिसाकडे निदान नोंद तरी असते. शंका आली की बिल मागता येते, चलन मागता येते, ग्राहकाला पत्र लिहून विचारता येते, पैसे कुठल्या खात्यातून आले ते पाहता येते. दुसऱ्या प्रकारात मागायचे काय? जी नोंद झालीच नाही ती सगळी पाने उलटली तरी सापडणार नाही. बेरजा चोख असतात, खतावणी जुळते, आणि माल मात्र फाटकाबाहेर गेलेला असतो.

या दुसऱ्या लबाडीवरचा अतिशय साधा आणि स्वस्त उपाय म्हणजे कागदावर आधीपासून असलेला, ओळीने वाढत जाणारा आकडा. ४१६ आणि ४१८ क्रमांकांची बिले आहेत, ४१७ नाही, एवढे दिसले की जे वहीत नाही त्याचीही चौकशी करता येते. बिल कोणाचे होते, किती रकमेचे होते, हे अजून कळलेले नसते. पण काहीतरी नाही, हे कळलेले असते. हिशेब तपासणीत असे सांगणारी साधने फार थोडी आहेत.

या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे: बिल, चलन, पावती आणि क्रेडिट नोट यांचे अनुक्रमांक, ते देण्याची रीत, आणि त्यांतली तूट शोधण्याची रीत. विषय लहान वाटेल. पण अंतर्गत लेखापरीक्षणाच्या कामात कारखाने, वितरकांची गोदामे आणि दुकाने पाहताना एक गोष्ट मला वारंवार दिसली, आणि तिची चिंता वाटते म्हणूनच हे पुस्तक लिहिले. क्रमांक घालण्याचे काम संगणकाकडे गेले आणि क्रमांक तपासण्याचे काम कोणाकडेच उरले नाही. बिलबुक हाताने लिहिणारा जुना कारकून पान उलटताना मागचा आकडा बघत असे. त्याला तो बघावाच लागे. आता आकडा आपोआप येतो, त्यामुळे तो बरोबरच असणार असे सगळे धरून चालतात.

महाराष्ट्रात ही पद्धत सामान्य माणसाने पाहिली असेल तर एसटीच्या गाडीत. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि तिकीट देणारी यंत्रे येईपर्यंत वाहकाच्या हातात तिकिटांचा ट्रे असे. प्रत्येक किमतीच्या तिकिटांचा वेगळा गठ्ठा आणि प्रत्येक तिकिटावर छापील क्रमांक. डेपोतून निघताना प्रत्येक गठ्ठ्याचा सुरुवातीचा क्रमांक वेबिलवर लिहिलेला असे. वाटेत टप्पा आला की त्या घडीला प्रत्येक गठ्ठ्यात वर कोणत्या क्रमांकाचे तिकीट आहे ते वाहक वेबिलवर उतरवी. परत आल्यावर किती प्रवासी होते हे विचारण्याची रोखपालाला गरज नसे. शेवटच्या क्रमांकातून पहिला वजा करायचा, उरलेल्या संख्येला तिकिटाच्या किमतीने गुणायचे, सगळ्या गठ्ठ्यांची बेरीज करायची; तेवढी रोकड वाहकाने भरायची. गठ्ठ्यातून गहाळ झालेले तिकीट या वजाबाकीत आपोआप विकलेल्यांत धरले जाई.

यात टप्प्याटप्प्याला क्रमांक लिहिण्याला फार मोल आहे. नुसता पहिला आणि शेवटचा आकडा असता तर दिवसाची रोकड जुळली असती, पण वाटेत काय चालले आहे ते कळले नसते. टप्प्याचे क्रमांक लिहिलेले असल्यामुळे शिरूरला गाडीत चढलेल्या तपासनिसाला प्रवाशाच्या हातातले तिकीट याच फेरीतले आणि याच टप्प्यातले आहे का, हे वेबिलशी ताडून लगेच सांगता येई. आधीच्या फेरीत कोणीतरी टाकून दिलेले तिकीट पुन्हा दुसऱ्याच्या हातात दिले असेल तर ते तिथेच उघडे पडे. म्हणजे क्रमांक वाढत जातो एवढ्यावर न थांबता तो कोणत्या वेळी कुठवर पोचला होता याचीही नोंद हवी. विक्रीची प्रणाली आखणारे आजचे कितीतरी लोक ही दुसरी गोष्ट विसरतात.

आणि ही पद्धत कुठे अपुरी पडते तेही एसटीच्याच गाडीत दिसे. वाहकाने पैसे घेतले आणि तिकीट दिलेच नाही, तर गठ्ठ्याला त्याचा पत्ता नाही. म्हणून तपासनीस तिकिटे बघण्याबरोबर माणसे मोजत. क्रमांक कागदांचा हिशेब ठेवतो, माणसांचा किंवा मालाचा नाही. ज्या वस्तूची मोजणी कागदाशिवाय वेगळी होऊ शकते तिच्याशी तो कुठेतरी जोडावाच लागतो. गाडीतले प्रवासी, फाटकातून जाणारे ट्रक, वजनकाट्यावरच्या खेपा, टाकीतली घट: जोड कसलीही चालेल, पण ती हवी.

या विचाराचे मूळ जुने आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापला गेला. द्विनोंदी पद्धतीवरचे हे पहिले छापील विवेचन. त्यात तो व्यापाऱ्यांना सांगतो की वह्यांच्या पानांवर क्रमांक घालावेत, आणि पेरुजासारख्या शहरात चाल आहे त्याप्रमाणे वह्या व्यापारी कचेरीत नेऊन किती पानांची वही आहे याची नोंद करून घ्यावी. पान फाडून नवे चिकटवता येऊ नये, हा हेतू. पुढे १८७९ मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरात जेम्स रिटी या मद्यालयाच्या मालकाने आपल्या भावाबरोबर पहिल्या गल्ला यंत्राचे पेटंट घेतले. गल्ल्यावरचे नोकर पैसे खिशात घालत, हे त्याचे दुखणे. जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. पाचोलीने पानाला बांधले आणि रिटीने व्यवहाराला. आपण आज बिलाच्या क्रमांकाकडून जे मागतो त्यात हे दोन्ही येते.

भारतातल्या कारखानदारीत या शिस्तीची सगळ्यात कडक शाळा होती ती केंद्रीय उत्पादन शुल्काची. भोसरी, अंबरनाथ, सातपूर इथल्या जुन्या कारखान्यांत काम केलेल्यांना जीपी-१ हे नाव अजून आठवत असेल. शुल्कपात्र माल फाटकाबाहेर न्यायचा तर हा गेटपास लागे. तो अनुक्रमांकाचा असे, आणि कोऱ्या गेटपासांचा हिशेबही ठेवावा लागे. १ एप्रिल १९९४ पासून त्याची जागा कारखान्याच्या स्वतःच्या बिलाने घेतली. पण त्या बिलांनाही अनुक्रमांक हवा आणि वापरात आणण्यापूर्वी ते क्रमांक खात्याला कळवलेले हवेत, हा नियम चालू राहिला. व्यवस्था जाचक होती यात शंका नाही. त्या जाचातून उद्योगाची सुटका झाली हे बरेच झाले. तरी तिच्यातली एक गोष्ट मला आजही पूर्णपणे पटते: क्रमांकाची सुरुवात फाटकावर होत असे.

आजच्या बहुतेक कंपन्यांत अनुक्रमांकाची सगळी काळजी बिलाच्या वाट्याला येते. बिल तर लेखा विभागात बनते आणि माल गोदामातून जातो. या दोहोंत काही तासांचे, कधी काही दिवसांचे अंतर असते, आणि गळती त्या अंतरातच होते. बिलांचे क्रमांक १ पासून ५,००० पर्यंत एकही न गळता सलग असतील, तर सिद्ध काय झाले? जेवढी बिले बनवली तेवढी सगळी वहीत आली, इतकेच. जेवढा माल गेला त्या सगळ्याचे बिल बनले, हे सिद्ध करायला माल निघतानाच्या कागदावर क्रमांक हवा. तो डिलिव्हरी चलनावर असेल, फाटकावरच्या नोंदवहीत असेल नाहीतर वजनपावतीवर. मग त्या क्रमांकांची मालिका हातात घेऊन एकेक चलन बिलापर्यंत पोचले का ते पाहायचे. तपासणीची दिशा इथे फार महत्त्वाची आहे. बिल उचलून त्याचे चलन शोधले तर खोटी विक्री सापडते. चलन उचलून त्याचे बिल शोधले तर लपवलेली विक्री सापडते. लेखापरीक्षणाला नव्याने आलेली मुले पहिल्या दिशेनेच जातात, कारण बिलांची फाइल टेबलावर असते आणि चलनांचे गठ्ठे गोदामात धूळ खात पडलेले असतात. ही एक सवय या पुस्तकामुळे मोडली तरी मला समाधान वाटेल.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि अनुक्रमांकाला देशभर एकसारखा कायदेशीर पाया मिळाला. नियम ४६ म्हणतो की करबिलावर सलग अनुक्रमांक हवा, तो १६ चिन्हांपेक्षा मोठा नसावा, त्यात अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि तिरपी रेघ चालेल, मालिका एक किंवा अनेक असू शकतात, आणि आर्थिक वर्षात कोणताही क्रमांक दुसऱ्यांदा येऊ नये. मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढायच्या: मूळ ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी स्वतःकडे. नियम ५५ मध्ये डिलिव्हरी चलनालाही असाच अनुक्रमांक सांगितला आहे. शिवाय जीएसटीआर-१ विवरणपत्राच्या १३व्या तक्त्यात त्या काळात काढलेल्या कागदांचा हिशेब द्यायचा असतो: कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, एकूण किती, त्यातले रद्द किती, उरले किती.

हा १३वा तक्ता म्हणजे एसटीचे वेबिलच आहे. पहिला आकडा, शेवटचा आकडा, वजाबाकी, रद्द. पण तो कसा भरला जातो? कर सल्लागाराच्या कचेरीत ११ तारखेच्या गडबडीत सॉफ्टवेअर जे आकडे देईल ते तसेच चढवले जातात. ‘रद्द’ या रकान्यात शून्य तरी असते, नाहीतर ताळा बसवण्यासाठी हवा असलेला आकडा. हरवलेला क्रमांक आणि रद्द केलेला क्रमांक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रद्द केलेल्या बिलाच्या सगळ्या प्रती परत आलेल्या असतात, कारण लिहिलेले असते, कोणाची तरी सही असते. हरवलेल्याचे काहीच नसते. हे दोन्ही एकाच रकान्यात ढकलले की तक्ता भरण्यामागचा हेतूच संपतो, आणि हे घडवायला कोणी चोर लागत नाही, घाई पुरते.

छोट्या दुकानांत तर मालिका मुळातच फाटकी आहे. २०० रुपयांपेक्षा कमी रकमेची विक्री असेल, ग्राहक नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितले नसेल, तर स्वतंत्र बिल देण्याची सक्ती नाही. दिवसअखेर अशा सगळ्या विक्रीचे एकच एकत्रित बिल काढता येते. दुकानदाराच्या सोयीसाठी ही सवलत आवश्यक आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या व्यवहारांत रोकड सर्वांत जास्त असते तिथेच अनुक्रमांक नसतो, हे मालकाने लक्षात ठेवायला हवे. कायद्याने बिल मागितले नाही म्हणून गल्ल्यावरच्या मुलाने साधी क्रमांकित पर्ची फाडू नये असे कुठेही म्हटलेले नाही. सरकारला ती नको असेल, मालकाला हवी आहे.

आता संगणकाकडे येऊ, कारण या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्यासाठी आहे. टॅली वापरणाऱ्या प्रत्येक हिशेबनिसाच्या बोटांना दोन कळजोड्या पाठ असतात. ऑल्ट आणि एक्स दाबले की व्हाउचर रद्द होते: रक्कम जाते, क्रमांक आपल्या जागी राहतो. ऑल्ट आणि डी दाबले की व्हाउचर पुसले जाते. आणि क्रमांक स्वयंचलित ठेवलेले असून फेरक्रमांकनाची मुभा असेल, तर पुढची सगळी व्हाउचरे एकेक आकडा मागे सरकून मोकळी जागा भरून काढतात. ४१७ पुसले की ४१८चे ४१७ होते, ४१९चे ४१८. मालिका पुन्हा अखंड दिसते. कागदी बिलबुकात हे शक्यच नव्हते. पान फाडले तर पुस्तकाला भगदाड पडे. इथे भगदाड स्वतःच बुजते.

याचा परिणाम वर्षअखेरीची वाट पाहत नाही. ग्राहकाच्या हातातल्या छापील बिलावर ४१८ असते आणि विक्रेत्याच्या विवरणपत्रातून त्याच्या जीएसटीआर-२बीमध्ये ४१७ उमटते. ग्राहकाचा हिशेबनीस फोन करतो, विक्रेत्याचा हिशेबनीस ‘टायपिंगची चूक’ म्हणून वेळ मारून नेतो, आणि एक मौल्यवान इशारा तिथेच विरून जातो. असे दोन फोन एकाच आठवड्यात आले तर मालकाने बाकीची कामे बाजूला ठेवून व्हाउचरांची यादी उघडावी. टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मूळ क्रमांक कायम ठेवण्याचा पर्याय दिलेला आहे. तो निवडणे, आणि व्हाउचर पुसण्याचा अधिकार बिल बनवणाऱ्याकडून काढून घेणे, ही दोन कामे हे पुस्तक हातावेगळे करण्याआधी करण्याजोगी आहेत.

कंपन्यांसाठी कायद्याने इथे मदत केली आहे. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी आणि बंद करता न येणारी सोय असणे बंधनकारक आहे, आणि ती वर्षभर चालू होती का यावर लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. पण हा नियम कंपन्यांना आहे. भागीदारी पेढ्या आणि एकट्याच्या मालकीचे धंदे त्याच्या बाहेर राहतात, आणि महाराष्ट्रातल्या व्यापारी पेठांमधला मोठा व्यवहार अशाच पेढ्यांमधून होतो. त्यांनी ही सोय स्वतःहून चालू करावी, असा माझा आग्रह आहे.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांशीही थोडे बोलायचे आहे. त्यांच्यातल्या अनेकांना मालिकेत तूट दिसली की काहीच वाटत नाही, आणि त्यांच्या बाजूने ते खरेही असते. पोस्टग्रेसमध्ये सीक्वेन्सकडून घेतलेला क्रमांक व्यवहार मागे फिरवला तरी परत जात नाही. ओरॅकलमध्ये सीक्वेन्स मुळात २० क्रमांक आगाऊ स्मृतीत काढून ठेवतो आणि यंत्र अचानक बंद पडले तर त्यांतले न वापरलेले वाया जातात. वेगासाठी केलेली ही तडजोड आहे. शंभर माणसे एकाच वेळी बिले बनवत असताना प्रत्येकाने रांगेत थांबायचे तर काम अडेल. म्हणून प्रणाली बनवणारा सांगतो, ‘तूट म्हणजे तांत्रिक बाब, दुर्लक्ष करा.’ हे वाक्य एकदा मान्य केले की पुढची प्रत्येक तूट तांत्रिक ठरते, खरी चोरीसुद्धा. म्हणून नोंदीची अंतर्गत ओळख आणि बिलाचा क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी ठेवाव्यात. अंतर्गत ओळखीत हव्या तितक्या तुटी पडू द्या. बिलाचा क्रमांक मात्र बिल पक्के होताना, त्याच व्यवहारात, वेगळ्या तक्त्यातून कुलूप लावून घ्यावा: बिल नोंदले गेले तर क्रमांक खर्ची पडला, नाही तर नाही. मसुद्याला क्रमांक देऊच नये. यामुळे वेग थोडा कमी होतो. पण दिवसाला काहीशे बिले करणाऱ्या वितरकाला तो फरक जाणवतही नाही.

५ कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या नोंदणीकृत व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून इतर नोंदणीकृत व्यवसायांना केलेल्या विक्रीसाठी ई-इनव्हॉइस लागू आहे. ‘आता प्रत्येक बिलाला सरकारकडून ६४ चिन्हांचा आयआरएन मिळतो, मग आपल्या क्रमांकाची काळजी कशाला?’ असे मला विचारले जाते. आयआरएन तयार होतो तो विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि आपणच दिलेला बिल क्रमांक यांपासून. तोच बिल क्रमांक पुन्हा पाठवला तर पोर्टल नाकारते. २४ तासांच्या आत आयआरएन रद्द केला तरी तो बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे एकच क्रमांक दोनदा येणार नाही, याची हमी मिळाली. पण ४१६ नंतर थेट ४१८ आला तर पोर्टल विचारत नाही. पोर्तुगालने या बाबतीत वेगळा मार्ग घेतला: तिथल्या प्रमाणित बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बिलाची डिजिटल सही आधीच्या बिलाच्या सहीवरून बनते, त्यामुळे मधले बिल काढले की साखळी तुटलेली दिसते. आपल्याकडे साखळीचा तो धागा अजून विक्रेत्याच्याच हातात आहे.

अनुक्रमांकाकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत, म्हणून सत्यमचे उदाहरण पुढे एका प्रकरणात सविस्तर घेतले आहे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून आकडे फुगवल्याची कबुली दिली. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. तपासात सुमारे ७,५०० खोटी बिले पुढे आली. ती कंपनीच्या बिल व्यवस्थापन प्रणालीतच बनली होती आणि विशेष अधिकार वापरून विभागांतल्या इतर लोकांच्या नजरेआड ठेवलेली होती. खोट्या बिलालाही प्रणाली बिनतक्रार क्रमांक देते. सलगपणा म्हणजे खरेपणा नव्हे. खरेपणा तपासायला ग्राहकाची ऑर्डर, काम केल्याचा पुरावा, बँकेतली जमा आणि ग्राहकाचे स्वतंत्र उत्तर लागते. दुसऱ्या टोकाला कच्चे बिल आहे. साध्या कागदावर लिहून दिलेली रक्कम कोणत्याच मालिकेत नसते, आणि कोपऱ्यावरच्या छापखान्यातून त्याच क्रमांकांचे दुसरे बिलबुक छापून आणायलाही वेळ लागत नाही. मालकच लपवत असेल तर त्याचा स्वतःचा अनुक्रमांक त्याला पकडणार नाही. तिथे करखात्याची तपासणी, ग्राहकाच्या हातातली प्रत आणि मालाची मोजदाद उपयोगी पडते. हे पुस्तक ज्या मालकाला आपल्या धंद्यात काय चालले आहे हे खरोखर जाणून घ्यायचे आहे त्याच्यासाठी आहे.

एक आक्षेप उद्योजकांकडून येतो आणि तो रास्त आहे. सलग क्रमांक दिला की ग्राहकाला आणि स्पर्धकाला आपला धंदा मोजता येतो. एप्रिलमध्ये आलेल्या बिलावर २१२ आणि जूनमध्ये आलेल्या बिलावर ६४० असेल तर वजाबाकी कोणीही करेल. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या अनुक्रमांकांवरून उत्पादनाचा अंदाज बांधला होता. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज महिन्याला १,५५० रणगाड्यांचा होता, अनुक्रमांकांवरून काढलेला ३२७. युद्धानंतर सापडलेल्या जर्मन नोंदींत आकडा निघाला ३४२. तेव्हा भीती खोटी नाही. पण तिच्यासाठी सलगपणा सोडण्याची गरज पडत नाही. वर्षाची सुरुवात १ ऐवजी दुसऱ्या कोणत्याही आकड्यापासून करता येते, शाखेनुसार किंवा ग्राहकांच्या प्रकारानुसार मालिका वेगळ्या करता येतात. फक्त कोणती मालिका कधी, कोणत्या आकड्यापासून, कोणाच्या मंजुरीने सुरू झाली याची एक यादी असावी आणि ती विक्री विभागाबाहेर ठेवावी. मालिका उघडण्याचा अधिकार सगळ्यांना असला की प्रत्येक विक्रेता आपली एक मालिका काढतो, आणि मग कोणती पूर्ण आणि कोणती अर्धी हे कोणालाच सांगता येत नाही. शाखेने परस्पर सुरू केलेली, मुख्य कचेरीला ठाऊकच नसलेली मालिका मी तुटीपेक्षा धोक्याची मानतो, कारण तिच्यातल्या तुटी कोणी शोधतही नाही.

मग तूट शोधायची कोणी? बिल बनवणाऱ्याने नाही, पैसे घेणाऱ्याने नाही, माल सोडणाऱ्यानेही नाही. चौथा माणूस हवा. मोठ्या कंपनीत तो मिळतो. दोन कारकून आणि एक मुनीम असलेल्या पेढीत तो मालकच असतो, आणि आठवड्यातून एकदा थोडा वेळ काढला तर त्याला हे जमते. त्याने बघायचे ते थोडे आहे: प्रत्येक मालिकेचा मागच्या वेळचा शेवटचा क्रमांक, आजचा शेवटचा क्रमांक, मधले सगळे आहेत का, नसलेल्या प्रत्येकाचे लेखी कारण, रद्द बिलाच्या सगळ्या प्रती. कारण लेखी घेण्यावर माझा भर आहे. तोंडी विचारले तर ‘प्रिंटर अडकला होता’ हे उत्तर वर्षभर पुरते. तेच दहा वेळा लिहावे लागले की प्रिंटर तरी दुरुस्त होतो, नाहीतर कारण तरी बदलते, आणि बदललेले कारण वाचण्यासारखे असते.

क्रेडिट नोटेच्या मालिकेकडे त्याने बिलाइतकेच लक्ष द्यावे. विकलेला माल परत आला असे दाखवून वसुली खिशात घालणे हा जुना मार्ग आहे, आणि बिलांची मालिका त्यात शाबूत राहते. परत आलेल्या मालाची गोदामातली आवक पावती क्रमांकित असेल आणि प्रत्येक क्रेडिट नोटेसमोर तिचा क्रमांक लिहिलेला असेल, तर हा मार्ग बराचसा बंद होतो.

३१ मार्चच्या संध्याकाळी तर क्रमांकाला पर्यायच नाही. मालमोजणी सुरू होण्यापूर्वी शेवटच्या चलनाचा, शेवटच्या बिलाचा आणि शेवटच्या आवक पावतीचा क्रमांक जागेवरच लिहून घ्यावा. त्या आकड्यापर्यंतचा माल बाहेर, त्याची विक्री या वर्षात. त्यापुढचा माल मोजणीत, त्याची विक्री पुढच्या वर्षात. तारीख मागची घालता येते, संगणकाचे घड्याळही मागे नेता येते. पण तपासनिसाच्या वहीत त्या संध्याकाळी लिहिला गेलेला क्रमांक नंतर कोणाला हलवता येत नाही. मार्चमध्ये विक्रीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी एप्रिलची बिले ओढून आणण्याचा प्रकार या एका ओळीच्या नोंदीने उघड होतो.

पुस्तकाची मांडणी मालाच्या वाटेने केली आहे: ऑर्डर, चलन, बिल, वसुलीची पावती, परतावा. पहिले प्रकरण मात्र त्याही आधीचे आहे. ते आहे कोऱ्या बिलबुकांच्या आणि पावती पुस्तकांच्या नोंदवहीवर. छापखान्यातून कोणत्या क्रमांकांची किती पुस्तके आली, कोणाला कोणत्या तारखेला सही घेऊन दिली, वापरलेली अर्धी पुस्तके कोणाकडे आहेत, नोकरी सोडून गेलेल्या विक्रेत्याने आपले पुस्तक परत केले का. संगणक आला तरी वसुलीला फिरणाऱ्या माणसाच्या बॅगेत छापील पावती पुस्तक अजून असते, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक धंद्यांत त्याची नोंदवही नव्हती. वाचकाने वाचन तिथून सुरू करावे, आणि सुरू करण्यापूर्वी आपल्या कपाटातली कोरी पुस्तके एकदा मोजून घ्यावीत.